मिकमाक विश्वकल्पना आणि परलोकयात्रा

कॅनडाच्या अटलांटिक किनाऱ्यावरील मिकमाक या आदिवासी जमातीच्या मौखिक कथांत आढळणारी विश्वाची रचना आणि एका लोकातून दुसऱ्या लोकात होणारे प्रवास. नोव्हा स्कोशिया, प्रिन्स एडवर्ड बेट, न्यू ब्रन्सविकचा पूर्व भाग आणि गास्पे द्वीपकल्प हा जमातीचा मूळ प्रदेश असून तिची भाषा अल्गाँक्वियन कुळाच्या पूर्व शाखेतील आहे.

अभ्यासक रूथ होम्स व्हाइटहेड यांनी १९८८ मध्ये या कथांचे विश्व सहा लोकांत मांडले: भूमीखालचा, पाण्याखालचा, पृथ्वीचा, प्रेतात्म्यांचा, पृथ्वीवरील आकाशाचा आणि आकाशापलीकडचा. अभ्यासकांत ही मांडणी रूढ झाली आहे. तथापि सतराव्या शतकातील फ्रेंच लेखनात किंवा एकोणिसाव्या शतकातील धर्मोपदेशक सायलस रँड यांच्या संग्रहात ती या क्रमाने येत नाही. त्यामुळे तिच्याकडे जमातीचा जुना सिद्धांत म्हणून न पाहता विखुरलेल्या कथांवरून बांधलेली चौकट म्हणून पाहणे अधिक सुरक्षित ठरते. हे सहा लोक एकमेकांपासून बंदिस्त नाहीत, ही गोष्ट मात्र कथांतच स्पष्ट दिसते. शिंगे असलेला महासर्प जिपिजकाम पाण्याखालच्या लोकाशी जोडलेला असला तरी त्याची माणसांशी गाठ पडतेच.

परलोकयात्रेचे सर्वांत तपशीलवार जुने कथन क्रेत्यें ल क्लेर्क या रेकोले (फ्रान्सिस्कन पंथाची एक शाखा) धर्मोपदेशकाच्या १६९१ च्या गास्पेविषयक ग्रंथात आहे. एकुलता मुलगा गमावलेला बाप काही सोबत्यांसह आत्म्यांच्या देशाकडे निघतो. वाट उथळ पाण्यातून जाते. दिवसा पाणी तुडवायचे आणि रात्री बरोबर आणलेले खांब रोवून त्यांवर झोपडी उभारायची. काही जण वाटेतच मरतात. उरलेल्यांना पलीकडे माणसांबरोबरच मूस (मोठे हरीण), बीव्हर आणि कुत्रे यांचे, तसेच होड्या व बर्फावर चालण्याची पादत्राणे यांचेही आत्मे दिसतात. देशाचा अधिपती पापकूतपारू प्रथम त्यांना ठार मारू पाहतो, पण बापाच्या विनवण्यांनी द्रवून त्यांच्याशी सोंगट्यांचा जुगार खेळतो. त्यात पाहुणे मका व तंबाखू जिंकतात आणि मुलाचा आत्माही सुपारीएवढ्या आकारात, पिशवीत बांधून, बापाच्या हाती येतो. घरी नव्या झोपडीत तो मृतदेहात घालायचा आणि तोवर पिशवी उघडायची नाही, अशी अट असते. आनंदोत्सवात बाप पिशवी एका स्त्रीकडे सोपवतो, ती कुतूहलाने उघडते आणि आत्मा निसटून जातो. त्या दुःखाने बापही मरण पावतो.

या कथेचे मूळ वादग्रस्त आहे. मिकमाक प्रमुख मेम्बेर्तू यांचा ख्रिस्ती बाप्तिस्मा १६१० मध्ये झाला होता आणि ल क्लेर्क १६७५ मध्ये आला. मधल्या काळात दयाळू अधिपतीची कल्पना ख्रिस्ती शिकवणुकीतून आली असणे शक्य आहे. परंतु मृताला परत आणण्याचा आणि अट मोडल्याने त्याला पुन्हा गमावण्याचा प्रकार उत्तर अमेरिकेत फार दूरवर आढळतो, हे धर्म-अभ्यासक ऑके हुल्टक्रान्त्स यांनी १९५७ मध्ये दाखवले. त्यामुळे कथेचा गाभा स्थानिक मानणेच योग्य वाटते. मक्याचा उल्लेख विशेष बोलका आहे: मुख्यतः शिकार व मासेमारी करणाऱ्या या लोकांसाठी ते बाहेरून येणारे धान्य होते आणि कथा त्याचा उगम मृतांच्या देशात ठेवते.

वस्तूंनाही आत्मा असतो ही समजूत दफनविधीतही दिसते. फ्रेंच वसाहतकार निकोला देनी यांनी १६७२ च्या ग्रंथात एक प्रसंग नोंदवला आहे. थडग्यात पुरलेले तांब्याचे भांडे फ्रेंचांनी उकरून दाखवले, तेव्हा मिकमाकांनी ते वाजवून पाहिले आणि त्याचा नाद गेला आहे, म्हणजेच आत्मा त्याला सोडून गेला आहे, असे सांगितले.

ग्लूस्काप या संस्कृतिवीराकडे (जमातीला जीवनरीत शिकवणाऱ्या पुराणवीराकडे) जाणारी वाटही अशीच खडतर आहे. रँड यांच्या संग्रहात कडा, महासर्प आणि वर-खाली होणारी ढगांची भिंत पार करावी लागते. भिंत खाली येताना सापडलेला चिरडला जातो. दीर्घायुष्य मागणाऱ्या एका पाहुण्याला ग्लूस्काप सीडर वृक्ष करून तिथेच उभा करतो. वर जाणाऱ्या कथांत दोन बहिणी ताऱ्यांशी लग्न करण्याची इच्छा करतात आणि आकाशात जाग्या होतात. परतताना डोळे वेळेआधी उघडल्याने त्या उंच झाडाच्या शेंड्यावर अडकतात.

सप्तर्षींच्या चौकोनात मिकमाकांना मुइन ही अस्वलीण दिसते. तिच्यामागे सात पक्षी-शिकारी असतात. शरद ऋतूत त्यांपैकी रॉबिन तिला बाण मारतो; तिच्या रक्ताने त्याची छाती आणि मेपलची पाने लाल होतात. स्टॅन्सबरी हेगर यांनी १९०० मध्ये प्रसिद्ध केलेल्या या कथेत तिचा सांगाडा हिवाळाभर आकाशात उताणा पडून राहतो, तर तिचा जीव गुहेतल्या दुसऱ्या अस्वलात शिरून वसंतात पुन्हा बाहेर येतो.