रिअल एलचे फेस्टिवल आणि त्यामागची बिनपगारी फौज

इंग्लंडमधे गावोगावी रिअल एल नावाच्या बिअरचे जे फेस्टिवल भरतात ना, कुठे टाउन हॉलमधे, कुठे चर्चच्या हॉलमधे, कुठे नदीकाठी मोठाले तंबू ठोकून, तिथे ग्लास भरून देणारी माणसं बहुतेक वेळा पगारी नसतातच. कोणी शिक्षक, कोणी रेल्वेतला, कोणी रिटायर्ड, चार दिवस रजा टाकून पिंपं ढकलायला आलेले. आपल्याकडचे गणपती मंडळाचे कार्यकर्ते डोळ्यासमोर आणा, साधारण तोच उत्साह आणि मीटिंगमधे तीच भांडणं. मोबदला काय तर टीशर्ट, जेवण आणि ड्युटीत अधूनमधून एखादा ग्लास. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं प्यायचं निमित्त आहे झालं, आणि ते आहेच, पण याचं मूळ एका भांडणात आहे आणि ते भांडण समजायला आधी बिअरच समजून घ्यावी लागते.

रिअल एल म्हणजे पिंपात भरल्यावरही जिवंत असलेली बिअर. ब्रूअरीतून, म्हणजे बिअरच्या कारखान्यातून, निघताना तिच्यात यीस्ट असतंच, ते पबच्या तळघरात पिंपामधे हळूहळू काम करत राहतं, त्यातूनच थोडा गॅस तयार होतो, बाहेरून गॅस मारत नाहीत. अशा पिंपाला कास्क म्हणतात. याच्या उलट केग. त्यातली बिअर गाळलेली, पाश्चराइज केलेली, वरून कार्बन डायऑक्साइडचं प्रेशर, थंडगार, फेसाळ आणि सगळीकडे एकसारखी. कास्क उघडला की तीन-चार दिवसांत संपवावा लागतो नाहीतर बिअर आंबते, आणि तो सांभाळायला तळघरात जाणता माणूस लागतो. केगला असलं काही लागत नाही, कोणीही नळ फिरवावा. साहजिकच 1960 च्या दशकात मोठ्या कंपन्यांनी केगवर जोर दिला, टीव्हीवर जाहिराती केल्या, आणि मुख्य म्हणजे छोट्या ब्रूअऱ्या विकत घेऊन बंद करायचा सपाटा लावला. शेवटी सहा बड्या कंपन्या उरल्या, त्यांना बिग सिक्सच म्हणायचे. पबसुद्धा बरेचसे त्यांच्याच मालकीचे, त्यामुळे मालक देईल तीच बिअर गिऱ्हाइकाने प्यायची. नॉर्फोकमधे तर या सहांतल्याच वॉटनी कंपनीने 1963 मधे नॉरिचच्या दोन जुन्या ब्रूअऱ्या गिळल्या आणि मग आख्ख्या जिल्ह्यात दुसरं काही मिळायची मारामार झाली.

विरोध आधीही होता, 1963 मधेच लाकडी पिंपातली बिअर वाचवा म्हणणारी एक मंडळी निघाली होती, पण ते लाकडावरच अडून बसले आणि बिअर जिवंत राहायला पिंप लाकडाचंच पाहिजे असं काही नसतं, धातूच्या कास्कमधेही ती तशीच राहते. खरी ठिणगी पडली मार्च 1971 मधे. मायकेल हार्डमन, ग्रॅहम लीस, जिम मेकिन आणि बिल मेलर असे चार तरुण आयर्लंडला सुट्टीवर गेले होते, तिथे केरी भागात डनक्विन नावाच्या टोकाच्या गावात क्रूगर्स बार म्हणून पब आहे, तिथे बसून इंग्लंडमधल्या बिअरच्या नावाने बोटं मोडता मोडता संघटना काढायचं ठरलं. त्यातले काही पत्रकार, त्यामुळे बातमी कशी करायची हे त्यांना चांगलं कळत होतं आणि माझ्या मते निम्मं यश तिथेच आहे. संघटनेचं नाव पुढे 1973 मधे कॅम्पेन फॉर रिअल एल असं झालं, बोलताना सगळे कॅमराच म्हणतात. त्याच वर्षी स्टॅफर्डशरमधल्या स्टोन गावची जूल्स ब्रूअरी बंद होणार म्हणून यांनी मोर्चा काढला. ब्रूअरी काही वाचली नाही. मग 1974 च्या त्यांच्या पब गाइडमधे वॉटनीच्या बिअरबद्दल छापलं होतं की प्लेगपासून लांब राहता तसे लांब राहा, छापणारेच घाबरले, मग ते बदलून 'काहीही करून टाळा' एवढं सौम्य केलं!

फेस्टिवलची कल्पना या सगळ्यातून आली. प्रॉब्लेम असा होता की लोकांना चांगली एल प्या म्हणून सांगायचं, पण ती प्यायची कुठे? पब कंपनीच्या मालकीचे, ते दुसऱ्याचा कास्क ठेवणार नाहीत. मग आपणच दोन-चार दिवसांचा पब उभा करायचा. कॅमराच्या केंब्रिज शाखेने 1974 मधे कॉर्न एक्स्चेंजच्या इमारतीत फेस्टिवल भरवला, तो अजून चालू आहे, हल्ली मे महिन्यात जीझस ग्रीनच्या हिरवळीवर तंबूत भरतो. पुढच्या वर्षी सप्टेंबर 1975 मधे लंडनला कोव्हेंट गार्डनमधे प्रदर्शन भरलं. तिथला फुला-फळांचा घाऊक बाजार नुकताच दुसरीकडे हलला होता आणि जागा रिकामी होती, तिथे सुमारे 40 हजार लोक आले. दारात रांगा! हे बघून 1977 मधे लंडनच्याच अलेक्झांड्रा पॅलेसला ग्रेट ब्रिटिश बिअर फेस्टिवल सुरू झाला. 1980 च्या जुलैमधे त्या पॅलेसलाच मोठी आग लागली, तरी त्या वर्षीचा फेस्टिवल रद्द केला नाही, बाहेर तंबू ठोकून भरवला. पीटरबरोसारख्या शहरांनी 1978 पासून आपापले सुरू केले आणि मग शाखा तिथे फेस्टिवल असं होत गेलं.

आता बिनपगारी लोकच का, तर एक म्हणजे पैसे नव्हते, आणि दुसरं म्हणजे हे काम पगार देऊन कोणाला सांगायचं तर जमणारी माणसंच कमी. फर्किन म्हणजे 9 गॅलनचं पिंप, साधारण 41 लिटर, 72 पाइंट, आणि पाइंट म्हणजे अर्ध्या लिटरहून थोडं जास्त. ती लोखंडी किंवा लाकडी मांडणीवर, ज्याला स्टिलेज म्हणतात, तिच्यावर आडवी चढवायची, खाली पाचर मारून घट्ट करायची. वरच्या बुचात स्पाइल नावाची सच्छिद्र लाकडाची खुंटी ठोकली की जादा गॅस फसफसत बाहेर येतो, तो शांत झाला की घट्ट लाकडाची खुंटी. मग पुढच्या बुचावर नळ धरून लाकडी हातोड्याचा एकच दणका, आणि तो नीट बसला नाही तर समोरच्याला बिअरची आंघोळ. एकदा चढवल्यावर पिंप हलवायचं नाही, कारण तळाशी गाळ बसायला एक-दोन दिवस लागतात. गाळ बसवायला माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून केलेला पदार्थ घालतात, शाकाहारी मंडळींनी बारवर विचारून घ्यावं, हल्ली बरेच ब्रूअर तो वापरत नाहीत. सगळ्यात छळ करते ती गरमी. एल बर्फासारखी थंड पीत नाहीत, 11 ते 13 डिग्री लागते, आणि ऑगस्टमधे तंबूत ते राखायला पूर्वी ओली गोणपाटं टाकायचे, आता पिंपावर थंड पाण्याच्या नळ्या गुंडाळतात. म्हणजे दारं उघडायच्या दोन-तीन दिवस आधीपासून लोक राबतायत, आणि शेवटच्या दिवसानंतर सगळं उतरवायलाही तेच, तेव्हा मात्र उत्साही चेहरे अचानक कमी दिसतात.

जुन्या फेस्टिवलमधे दुपारचं सेशन वेगळं आणि संध्याकाळचं वेगळं असायचं, त्याचं कारण कायदा. पहिल्या महायुद्धात कारखान्यातले कामगार शुद्धीवर राहावेत म्हणून पब दुपारी बंद ठेवायचा नियम आला, तो इंग्लंडमधे 1988 पर्यंत टिकला. ग्लासचंही तसंच, पाव-पाऊण काय वाटेल ते माप चालत नाही, पाइंटचा तिसरा हिस्सा, अर्धा, दोन तृतीयांश, पूर्ण पाइंट अशी मापं ठरलेली, म्हणून फेस्टिवलच्या ग्लासवर रेघा असतात. तिसरा हिस्सा घेणारा हुशार, संध्याकाळपर्यंत चालत घरी जातो.

आपला या प्रकरणाशी एक जुना संबंध आहे. अठराव्या शतकाच्या शेवटापासून लंडनच्या हॉजसन ब्रूअरीची आणि नंतर बर्टन गावची पेल एल, म्हणजे फिकट रंगाची एल, पिंपांतून जहाजाने मुंबई-कलकत्त्याला यायची, साहेबांसाठी अर्थात. तीच पुढे इंडिया पेल एल. केगच्या जमान्यात तिचं नुसतं नावच शिल्लक राहिलं होतं, हॉप्स म्हणजे बिअरमधे घालतात ती कडू फुलं, त्यांचा कडूपणा गायब, आणि ती परत तशी बनायला लागली त्यात फेस्टिवलच्या गिऱ्हाइकांचा हात मोठा आहे.

कारण छोट्या ब्रूअरला पब मिळत नसला तरी फेस्टिवल मिळायचा, दोन पिंपं विकली जायची, शेवटी लोकांच्या मतांनी बक्षीस मिळालं तर नाव व्हायचं. 1989 मधे सरकारने बड्या कंपन्यांच्या पबच्या संख्येवर लगाम घातला आणि 2002 मधे छोट्या ब्रूअऱ्यांचा कर कमी केला, त्यानंतर तर नव्या ब्रूअऱ्यांचं पीकच आलं. आणि इथेच फेस्टिवलची पंचाईत झाली. ज्या कामासाठी ते काढले ते बरंचसं झालं, आज चांगल्या पबमधे सहा-आठ वेगवेगळ्या एल रोज असतात, मग तिकीट काढून तंबूत कोण जाणार? त्यात 2020 आणि 2021 मधे कोविडने राष्ट्रीय, म्हणजे तो ग्रेट ब्रिटिश, फेस्टिवल रद्द, 2024 ला लंडनच्या ऑलिम्पिया या प्रदर्शनाच्या हॉलचं बांधकाम चालू म्हणून नाही, 2025 ला तो बर्मिंगहॅमला गेला. हॉलची भाडी वाढली, जुने कार्यकर्ते पासष्टी-सत्तरीला आले आणि 41 लिटरचं पिंप उचलायला कंबर लागते. छोटे फेस्टिवल मात्र तग धरून आहेत, कारण 499 माणसांपर्यंतच्या कार्यक्रमाला तात्पुरत्या परवान्याची साधी नोटीस पुरते, त्यामुळे क्रिकेट क्लब, गावची शाळा, वाफेच्या इंजिनाची हौशी रेल्वे असे कोणीही वीस पिंपं मांडून छपरासाठी किंवा इंजिन दुरुस्तीसाठी पैसे जमवतात.