मूळ वेळापत्रक (प्रकल्प व्यवस्थापन)

प्रकल्पातील कामांचा क्रम, कालावधी आणि तारखा निश्चित करून, काम सुरू होण्यापूर्वी संबंधितांच्या मंजुरीने गोठवलेला आराखडा म्हणजे मूळ वेळापत्रक. व्यवहारात त्याला बेसलाइन म्हणतात. पुढची सर्व प्रगती त्याच्याशीच ताडून पाहिली जाते.

वेळापत्रक तयार करताना कामाचे मोजता येतील एवढे लहान भाग पाडतात आणि कोणता भाग कोणावर अवलंबून आहे ते ठरवतात. इमारतीचा स्लॅब टाकायचा असेल, तर शटरिंग (काँक्रीटचा साचा उभारणे), सळई बांधणे, विजेचे पाइप टाकणे आणि काँक्रीट ओतणे हा क्रम ठरलेला असतो. आयएस 456 : 2000 या मानकानुसार साध्या पोर्टलंड सिमेंटच्या स्लॅबखालचे टेकू 4.5 मीटरपर्यंतच्या गाळ्यास (दोन आधारांमधील अंतरास) किमान 7 दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्यास किमान 14 दिवस काढता येत नाहीत. मजूर वाढवून हे दिवस कमी होत नाहीत, म्हणून वेळापत्रकात त्यांची स्वतंत्र नोंद हवी. कोकणात पावसाळ्यातील खोदाई व भरावाची कामेही अशीच आधी वगळावी लागतात. कोरड्या प्रदेशातील वेळापत्रक तेथे जसेच्या तसे लावल्यास ते पहिल्या जूनमध्येच कोलमडते.

परस्परावलंबी कामांची सर्वांत लांब, म्हणजेच मुख्य, साखळी प्रकल्पाचा एकूण कालावधी ठरवते. ती शोधण्याची पद्धत 1957 च्या सुमारास अमेरिकेत ड्यूपाँट आणि रेमिंग्टन रँड या कंपन्यांनी विकसित केली. या साखळीतील कामाला एक दिवस उशीर झाला की प्रकल्पही एक दिवस लांबतो. इतर कामांना थोडीफार सवड असते. कोकण रेल्वेच्या बांधणीत याचा ठळक प्रत्यय आला. गोव्यातील मऊ मातीत, विशेषतः पेडण्याजवळ, बोगदे वारंवार ढासळल्याने इतरत्र मार्ग तयार असूनही रोह्यापासून मंगळूरपर्यंत सलग वाहतूक जानेवारी 1998 पर्यंत सुरू होऊ शकली नाही.

प्रगतीची नोंद ठरावीक तारखेस घेतात. ‘ऐंशी टक्के झाले’ हे साइटवरचे उत्तर बहुधा अंदाजच असतो. मोजमाप पुस्तकातील (प्रत्यक्ष मोजलेल्या कामाच्या नोंदवहीतील) घनमीटर व टन आणि उरलेल्या कामास लागणारे दिवस हीच भरवशाची माहिती होय. समजा, तीन महिन्यांत 60 लाख रुपयांचे काम अपेक्षित होते, प्रत्यक्षात 48 लाखांचे झाले आणि त्यावर 55 लाख खर्च झाले, तर काम नियोजनाच्या 0.80 पट झाले असून खर्चही मर्यादेबाहेर गेला आहे, असे दिसते. ही पद्धत एका बाबतीत फसवी आहे: प्रकल्प कितीही उशिरा संपला तरी शेवटी झालेल्या आणि अपेक्षित कामाचे हे गुणोत्तर 1 वरच येते, आणि महागड्या पण बिनमहत्त्वाच्या कामांनी मधल्या काळातही ते फुगवता येते. त्यामुळे गुणोत्तराबरोबर मुख्य साखळीची स्थिती पाहणे आवश्यक ठरते.

कामाची व्याप्ती बदलल्यास किंवा अधिकृत मुदतवाढ मिळाल्यास वेळापत्रक सुधारतात. मात्र जुनी आवृत्ती जपून ठेवतात. मासिक बैठकीच्या आदल्या दिवशी तारखा पुढे सरकवून विलंब शून्य दाखवण्याची चाल सर्रास आढळते, आणि जुनी आवृत्ती हाताशी नसेल तर ती उघडकीस येत नाही. केंद्र सरकारच्या सांख्यिकी व कार्यक्रम अंमलबजावणी मंत्रालयाच्या 150 कोटी रुपये व त्याहून अधिक खर्चाच्या प्रकल्पांवरील अहवालांत मूळ तारीख आणि अपेक्षित तारीख शेजारी-शेजारी देण्याची पद्धत आहे.