रसायनशास्त्राचे संशोधक आणि विद्यापीठ ग्रंथालय : एका शब्दात अडकलेली दोन कामे

रसायनशास्त्राचा संशोधक ग्रंथालयाकडे दोन वेगळ्या कामांसाठी येतो. एखादे संयुग आधी कोणी तयार केले आहे का, केले असल्यास कोणत्या मार्गाने आणि किती यील्ड (हाती आलेल्या पदार्थाचे प्रमाण) मिळवून, हे त्याला शोधायचे असते; आणि ते सापडले की मूळ लेख वाचायचा असतो. शोधण्याची साधने आणि वाचण्याची साधने छापील काळात वेगळ्या कपाटांत असत आणि त्यांची बिलेही वेगळी येत. भारतातील विद्यापीठांसाठी गेल्या पंचवीसेक वर्षांत जी खरेदी-धोरणे ठरली, त्यांत मात्र ही दोन्ही ‘ई-संसाधन’ या एकाच शब्दाखाली मोजली जाऊ लागली, आणि आज विभागांतून ऐकू येणाऱ्या तक्रारींचे मूळ बहुतांशी तिथेच आहे.

जुना इतिहास थोडक्यात असा. सारसंग्रहाची, म्हणजे प्रसिद्ध झालेल्या लेखांचे सारांश एकत्र देण्याची, परंपरा १८३० मध्ये जर्मनीत सुरू झाली आणि सेंद्रिय संयुगांचा बाइलश्टाइन हा महाकोश १८८१ पासून निघू लागला. तो वाचता यावा म्हणून कामापुरती जर्मन शिकणे हा अनेक ठिकाणी संशोधनाच्या तयारीचा भाग असे. १९०७ मध्ये अमेरिकेत याच धर्तीचे ‘केमिकल अ‍ॅबस्ट्रॅक्ट्स’ सुरू झाले आणि पुढे जगभरच्या रसायनशास्त्राची मुख्य सूची तेच ठरले. भारतात १९५२ मध्ये दिल्लीत राष्ट्रीय प्रलेखन केंद्र उभे राहिले. स्थानिक ग्रंथालयात नसलेल्या लेखाची छायाप्रत आणि गरज पडल्यास त्याचे भाषांतर तेथून मागवता येई. म्हणजे लेख जवळ नसला तरी चालत असे; तो अस्तित्वात आहे हे कळणे महत्त्वाचे होते, आणि ते सूचीशिवाय कळत नसे.

ही सूची वापरणे सोपे नव्हते. संयुगाचे नाव तिच्यात उलटे लावलेले असे : आधी मूळ सांगाडा, मग स्वल्पविराम आणि नंतर जोडलेले गट. १९७२ पासून नामकरणाचे नियमही बदलले. अ‍ॅनिलीन शोधणाऱ्याला ‘बेन्झिनामिन’ या नावाखाली, अ‍ॅसिटोन शोधणाऱ्याला ‘टू-प्रोपेनोन’ या नावाखाली आणि टोल्युइन शोधणाऱ्याला बेन्झीनच्या रांगेत मिथिल या गटापाशी जावे लागे. जुन्या खंडांसाठी जुने नाव आणि नव्या खंडांसाठी नवे नाव अशी दुहेरी यादी हाताशी ठेवूनच कपाटापुढे उभे राहावे लागत असल्यामुळे संदर्भ विभागातील अनुभवी ग्रंथपालाला तेव्हा फार मोल होते. १९६५ पासून प्रत्येक पदार्थाला नोंदणी क्रमांक मिळू लागला, पाण्याचा ७७३२-१८-५, आणि नावांच्या या जंजाळातून सुटण्याची वाट निघाली. शेवटचा अंक हा आधीच्या अंकांवरून काढलेला पडताळा-अंक असल्याने लिहिताना झालेली चूक लगेच पकडता येते. आज या नोंदवहीत वीस कोटींहून अधिक पदार्थ आहेत.

१९९१ च्या परकीय चलनाच्या टंचाईने आणि रुपयाच्या अवमूल्यनाने विद्यापीठांची परदेशी वर्गणी कोलमडली. डॉलरमधील किमती दरवर्षी वाढत असताना रुपयातील तरतूद जागच्या जागी होती. त्याच वर्षी, पुण्यातील खगोलशास्त्राच्या आंतरविद्यापीठीय केंद्राच्या छत्राखाली, विद्यापीठ ग्रंथालयांना संगणकजाळ्याने जोडण्याचा प्रकल्प सुरू झाला. १९९६ मध्ये तो ‘इन्फ्लिबनेट’ हे गुजरातमधील स्वतंत्र केंद्र झाला आणि विद्यापीठांच्या सामायिक खरेदीची पुढची बरीचशी गोष्ट याच केंद्राभोवती फिरते.

२००३ मध्ये तंत्रशिक्षण संस्थांचा खरेदीसंघ आणि २००४ पासून विद्यापीठांसाठीची ई-नियतकालिकांची योजना आली, आणि कालपर्यंत महिनोन्‌महिने टपालाची वाट पाहणाऱ्या विभागांत नवा अंक त्याच दिवशी दिसू लागला. हा बदल किती मोठा होता हे नंतरच्या पिढीला सांगून पटत नाही. ‘केमिकल अ‍ॅबस्ट्रॅक्ट्स’चा संगणकीय अवतार असलेला ‘सायफाइंडर’ही या योजनांतून आला, पण विद्यापीठांच्या बाजूला तो निवडक ठिकाणीच पोहोचला. त्यात रेणूची संरचना पडद्यावर काढून शोध घेता येई; नावाची गरजच उरली नाही. मात्र परवाना एकाच वेळी ठरावीक जणांनी वापरण्याचा असे. सर्व जागा भरल्या आहेत असा संदेश आला की विद्यार्थी एकमेकांना ‘बाहेर पड’ असे सांगत प्रयोगशाळांतून फिरत.

‘ई-संसाधन’ हा शब्द याच काळात रूढ झाला, आणि त्याच्याकडे जरा थांबून पाहायला हवे. प्रशासनाच्या दृष्टीने तो सोयीचा होता. नियतकालिक, ग्रंथ, सारसंग्रह, वर्णपटांचा (पदार्थ ओळखण्याच्या आलेखांचा) संच, स्फटिकरचनांची माहितीपेढी, जे जे पडद्यावर दिसते आणि ज्याचे वार्षिक बिल येते ते सारे ई-संसाधन. मूल्यांकनाच्या अहवालात संख्या भरताना हा शब्द फार उपयोगी पडला : हजारो नियतकालिकांचा एक संच घेतला की आकडा फुगतो, आणि संरचनेवरून शोध घेणारी एक माहितीपेढी घेतली की त्यात फक्त एकाची भर पडते. वापराची मोजणीही लेख किती वेळा उतरवून घेतले यावर चाले. सूचीत तासभर शोध घेऊन ‘हे संयुग अजून कोणी केलेले नाही’ एवढेच कळले, तर संशोधकाच्या दृष्टीने तो उत्तम दिवस असतो. उतरवलेल्या लेखांच्या हिशेबात मात्र तो शून्य. प्रति-वापर खर्च काढून कपात करायची ठरली की अशा साधनावर सर्वांत आधी काट मारली जाते. इतिहास किंवा अर्थशास्त्राच्या संशोधकाचे काम शब्दांवरून शोध घेऊन बऱ्याच अंशी भागते. रसायनशास्त्रात एकाच पदार्थाची दहा नावे असतात आणि नव्या पदार्थाला कधी कधी नावच नसते. हा फरक ‘ई-संसाधन’ या शब्दाने झाकला गेला. कोणी तो हेतुपुरस्सर झाकला असे म्हणता येणार नाही, पण झाकला गेला हे खरे.

दरम्यान १ जानेवारी २०१० पासून ‘केमिकल अ‍ॅबस्ट्रॅक्ट्स’ची छापील आवृत्ती बंद झाली. छापील वर्गणी थांबवली तरी आधीचे बांधीव खंड कपाटात राहत. संगणकीय सूचीची वर्गणी थांबली की आधीची शंभर वर्षेही त्याच दिवशी बंद होतात. काही प्रकाशक नियतकालिकांच्या ज्या वर्षांचे पैसे भरले त्या वर्षांवर कायमचा हक्क देतात. सूचीच्या बाबतीत तसे होत नाही. त्यामुळे जागा अडते म्हणून बांधीव खंडांचे निर्लेखन करणे, म्हणजे ते संग्रहातून काढून टाकणे, हा निर्णय वाटतो तितका किरकोळ नाही.

२०१५ च्या अखेरीस वेगवेगळे खरेदीसंघ ‘ई-शोधसिंधू’ या एका छत्राखाली आले. ग्रंथपालाचे कामही याच सुमारास बदलले : वाङ्मयचौर्यासंबंधीच्या २०१८ च्या नियमांनंतर साम्य-अहवाल काढून देणे आणि प्रबंध राष्ट्रीय संग्रहात जमा करणे यांतच त्याचा बराच वेळ जाऊ लागला, आणि संरचनेवरून शोध कसा घ्यावा हे शिकवणारा माणूस हळूहळू मार्गदर्शकाच्या खोलीतला ज्येष्ठ विद्यार्थीच उरला.

नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ या सरकारी संस्थांसाठीच्या सामायिक वर्गणी-योजनेला मंजुरी दिली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० ई-नियतकालिके आणि ६,३०० हून अधिक सरकारी संस्था, अशी तिची व्याप्ती सांगण्यात आली. खासगी संस्थांचा विचार पुढच्या टप्प्यावर ठेवला गेला. ज्या राज्य विद्यापीठांना आणि सरकारी महाविद्यालयांना परदेशी नियतकालिके कधीच परवडली नसती, त्यांच्यासाठी ही मोठी गोष्ट आहे आणि ती कमी लेखण्याचे कारण नाही. पण योजनेची मांडणी नियतकालिकांभोवती आहे. अमेरिकेतील रसायनशास्त्रज्ञांच्या संस्थेची नियतकालिके तिच्यात आली. त्याच संस्थेची ‘केमिकल अ‍ॅबस्ट्रॅक्ट्स’ची सूची ज्याला हवी त्याने आपल्या तरतुदीतून घ्यायची. काही विद्यापीठांत वाचायला मुबलक झाले आणि शोधायला साधन राहिले नाही, असा उलटा पेच त्यातून उभा राहतो.

ही पोकळी आज मोफत साधने काही प्रमाणात भरतात. अमेरिकी सरकारने २००४ मध्ये उघडलेल्या ‘पबकेम’मध्ये संरचना काढून शोध घेता येतो; पुढच्याच वर्षी सशुल्क सूची चालवणाऱ्या संस्थेने सरकारी पैशातून उभ्या राहणाऱ्या या स्पर्धेला जाहीर विरोध केला होता, तरी ते टिकले. वर्णपटांसाठी अमेरिकेच्या मानक संस्थेचे ‘वेबबुक’ आणि जपानमधील खुला वर्णपट-संग्रह वापरले जातात. पदार्थ कोणता आहे आणि त्याचे गुणधर्म काय, हे यांतून कळते. तो कोणत्या अभिक्रियेने, कोणत्या द्रावकात, किती तापमानाला आणि किती यील्डने तयार झाला याची शतकभराची जुळवलेली नोंद मात्र सशुल्क सूचीतच आहे, आणि त्यामुळे महिन्यातून एखाद्या दिवशी दुसऱ्या शहरातील मित्राला रेणूचे चित्र पाठवून ‘एवढे बघून सांग’ असे विचारण्याची पद्धत आजही चालू आहे.