मागून खट् वाजतंय: शॉकअप गेला की अ‍ॅक्सलचा बुश?

गाडीच्या मागच्या बाजूने ठकठक सुरू झाली की गॅरेजमध्ये निदान बहुतेक वेळा बॉनेट उघडायच्या आधीच होतं: "शॉकअप गेलेत, जोडी बदलून टाकू." माझ्या स्विफ्टचे दोन्ही मागचे शॉकअप असेच बदलले गेले. बिल भरलं, घराकडे निघालो आणि गल्लीतल्या पहिल्याच गतिरोधकापाशी ब्रेक दाबला, तर तोच खट्. दोष अ‍ॅक्सलच्या बुशमध्ये होता. काढलेले जुने शॉकअप नंतर उभे धरून दाबून पाहिले, तेव्हा त्यांत अजून चांगला दम होता. चालू शॉकअप भंगारात गेले आणि फाटलेला बुश गाडीखाली तसाच राहिला, याचं मला आजही वाईट वाटतं. म्हणून या दोन दुखण्यांतला फरक नीट मांडतोय.

आधी गाडीखाली काय असतं ते पाहू. २००५ साली भारतात आलेल्या स्विफ्टपासून आजच्या बहुतेक छोट्या हॅचबॅकपर्यंत मागची रचना साधारण एकच आहे, टॉर्शन बीमची. दोन्ही चाकांना जोडणारी एक आडवी, पिळली जाईल अशी तुळई, आणि तिच्या दोन्ही बाजूंनी पुढे गेलेले दोन हात. हे सगळं मिळून मागचा अ‍ॅक्सल. या हातांची पुढची टोकं गाडीच्या अंगाला एकेका जाड बोल्टने जोडलेली असतात, आणि त्या जोडात बसतो अ‍ॅक्सलचा बुश: बाहेर लोखंडी कडं, आत लोखंडी नळी, मध्ये दोघांना चिकटवलेलं रबर. स्प्रिंग वेगळी बसते, शॉकअप वेगळा. शॉकअपचं वरचं टोक रबरी बुशांमधून गाडीच्या अंगाला आणि खालचं टोक अ‍ॅक्सलला जोडलेलं असतं.

म्हणजे बुश म्हटलं तर दोन जागचे बुश झाले, शॉकअपचे छोटे आणि अ‍ॅक्सलचे मोठे. गोंधळाची सुरुवात इथेच होते, कारण दोन्ही जागी रबर फाटलं किंवा झिजलं की आवाज लोखंडावर लोखंड आपटल्याचाच येतो.

कानावर तर अजिबात विसंबू नका. हॅचबॅकचा मागचा भाग म्हणजे पत्र्याचा पोकळ डबा. डाव्या बाजूच्या बोल्टचा ठोका त्या डब्यात घुमतो आणि मागच्या सीटवरच्या माणसाला उजव्या चाकातून आल्यासारखा वाटतो. ज्या मेस्त्रींनी शेवटी माझी गाडी बरी केली, त्यांनी आवाज कुठून येतो हे विचारलंच नाही. कधी येतो, एवढंच पुन्हा पुन्हा विचारत राहिले: खड्ड्यात, की ब्रेकवर? गाडी रिकामी असताना, की भरलेली? पुढे जाताना, की रिव्हर्समध्ये?

या प्रश्नांमागचं कारण सरळ आहे. शॉकअपचं काम वर-खाली चालतं. चाक उसळलं की ती उसळी तेल अरुंद वाटांतून ढकलून जिरवायची. अ‍ॅक्सलचा बुश मात्र अख्ख्या अ‍ॅक्सलला पुढे-मागे आणि आडवं सरकण्यापासून धरून ठेवतो. ब्रेक दाबला की चाकं थांबू पाहतात, गाडीचं अंग पुढे जाऊ पाहतं, आणि ही सगळी ओढाताण त्या दोन बुशांवर येते. रबर शाबूत असेल तर ते ती गिळून टाकतं. फाटलं असेल तर आतली नळी कड्यावर आपटते.

त्यामुळे अ‍ॅक्सलच्या बुशची सर्वांत चांगली परीक्षा खड्ड्यात होत नाही, सपाट मोकळ्या जागेत होते. गाडी हळू रिव्हर्स घ्या आणि ब्रेक दाबा. मग पुढे घ्या आणि ब्रेक दाबा. दर वेळी दिशा उलटल्यावर पहिल्या ब्रेकला एकच जड खट् आला आणि त्याच दिशेत पुन्हा दाबल्यावर आला नाही किंवा मंद झाला, तर संशय बुशवर घ्या. अशा गाड्यांना मागे सहसा ड्रम ब्रेक असतात आणि ड्रममधले लायनरही दिशा बदलली की जागा बदलून टिक् करतात. तो आवाज हलका असतो, बुशचा मात्र फरशीवर आणि पायाखाली जाणवतो. तरी शंका राहिली तर कोणाला तरी गाडीच्या बाजूला, सुरक्षित अंतरावर उभं करा आणि ब्रेक दाबताना मागचं चाक कमानीत पुढे-मागे सरकतं का ते बघायला सांगा. चांगल्या बुशवर ही हालचाल डोळ्यांत भरत नाही. फाटलेल्या बुशवर चाक झटकन सरकलेलं दिसतं.

शॉकअपचं दुखणं मात्र एकाच तऱ्हेचं नसतं, आणि इथे जरा थांबायला हवं, कारण "शॉकअप वाजतो" या दोन शब्दांत तीन वेगवेगळे दोष सापडतात.

पहिला दोष वरच्या टोकाच्या रबराचा किंवा तिथल्या सैल नटाचा. गाडी पेव्हर ब्लॉकवरून किंवा खडी उघडी पडलेल्या रस्त्यावरून दहा-पंधराच्या वेगाने नेली की टक-टक-टक असा भरभर आवाज येतो. ब्रेकचा त्याच्याशी काही संबंध नसतो. बरेचदा उभ्या गाडीचा मागचा कोपरा हाताने जोरात दाबून सोडला तरी तो वाजतो, आणि दुसऱ्या माणसाने वरच्या जोडावर बोटं ठेवली तर ठोका बोटांना लागतो. काही गाड्यांत हा जोड डिकीच्या आतल्या प्लास्टिकमागे असतो, काहींत चाकाच्या कमानीतून दिसतो. हा दोष बरेचदा रबर आणि नटावर भागतो, शॉकअप बदलावा लागत नाही.

दुसरा दोष म्हणजे शॉकअप खरोखरच मेलेला. यात गंमत अशी की पूर्ण मेलेला शॉकअप बरेचदा वाजतच नाही. तो गाडीला होडीसारखी डोलवतो. गतिरोधक ओलांडला की मागचा भाग एकदा वर येऊन बसायला हवा, तो दोन-तीन हेलकावे घेतो. टायरवर तळहात फिरवला तर रबर उंच-सखल, वाट्या कोरल्यासारखं झिजलेलं लागतं. शॉकअपच्या अंगावर तेलाचा पातळ थर आणि त्यावर चिकटलेली धूळ एवढंच दिसलं तर घाबरू नका. अंग वरून खालपर्यंत ओलं असेल आणि थेंब लोंबत असेल, तर मात्र तो गेलाच. कोपरा दाबून उसळी मोजण्याची जुनी परीक्षा इथे उपयोगी आहे, पण तिची मर्यादा ओळखून. साफ मेलेला शॉकअप तिच्यात सापडतो, अर्धा थकलेला सुटून जातो.

तिसरा दोष बम्प स्टॉपचा. शॉकअपच्या दांड्यावर, काही गाड्यांत स्प्रिंगच्या पोटात, रबराचा किंवा फोमचा एक गट्टू असतो. सस्पेन्शन पूर्ण दबलं की शेवटचा धक्का तो झेलतो. वयाने त्याचा भुगा होतो. मग एकटे असताना गाडी गप्प, आणि चार माणसं नि सामान भरून गावी निघालात की मोठ्या खड्ड्यात धाडकन. "परवा वाजत होती, आज वाजत नाही" अशी तक्रार असेल तर परवा गाडीत किती माणसं होती ते आठवून पाहा.

या सगळ्याच्या आधी डिकी रिकामी करायची. स्टेपनीचा सैल बोल्ट, जॅक, पान्यांची पिशवी, पार्सल ट्रे, मागच्या सीटची कडी, सगळं काढून किंवा आवळून एक फेरी मारा. मग सायलेन्सर थंड असताना हाताने हलवून पाहा. त्याचं टांगायचं रबर तुटलं की तोही अगदी सस्पेन्शनसारखाच ठोकतो.

दोन्ही दुखणी आवाजाशिवायही वेगळी ओळखू येतात. बुश गेलेली गाडी लेन बदलताना मागून जरा उशिरा वळल्यासारखी वाटते, हायवेवर बाजूने वारा लागला की शेपटी हलल्याचा भास होतो. अलाइनमेंटला पुढच्या चाकांचे आकडे बरोबर येतात आणि मागचे येत नाहीत. टॉर्शन बीमच्या बहुतेक गाड्यांत मागचा टो, म्हणजे चाकं आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत तो कोन, फिरवून सुधारण्याची सोयच नसते, त्यामुळे मागचा आकडा चुकला की बुश फाटलाय, अ‍ॅक्सल वाकलाय किंवा तो बसण्याची जागाच हललीय. नुसता शॉकअप गेला असेल तर हा आकडा बिघडत नाही.

पक्कं निदान लिफ्टवरच होतं. मेस्त्री अ‍ॅक्सलचा हात आणि गाडीचं अंग यांच्यामध्ये पहार घालून हळूच उचकतात. रबर थोडं ताणलं जाऊन परत येणं ठीक. नळी आत लटलटत असेल किंवा रबर कड्यापासून सुटलेलं दिसत असेल तर विषय संपला. काही बुशांच्या रबरात मुद्दाम ठेवलेल्या मोकळ्या फटी असतात, त्यांना चीर समजू नये. चीर वाकडीतिकडी आणि खडबडीत असते, फट नेमकी आणि दोन्ही बाजूंना सारखी. घरी गाडीच्या जॅकवर गाडी उचलून खाली शिरायचं धाडस मात्र कोणीही करू नका. तो जॅक चाक बदलण्यापुरताच आहे.

हे सगळं टॉर्शन बीमबद्दल झालं. बोलेरोसारख्या पाट्यांच्या (गोल स्प्रिंगऐवजी लोखंडी पट्ट्यांच्या) गाडीत पाट्यांच्या टोकांचे बुश आणि शॅकल (पाट्याचं टोक गाडीला जोडणारी हलती कडी) आधी बघायचे, जुनी इनोव्हा किंवा इनोव्हा क्रिस्टासारख्या गाडीत मागच्या लिंक आणि आडव्या रॉडचे बुश. आवाज कधी येतो हा प्रश्न तिथेही तोच.

आता दुरुस्ती. शॉकअप जोडीनेच बदलावेत, नाहीतर एक बाजू घट्ट आणि एक सैल होते. खोक्यात आडवा पडून राहिलेला नवा शॉकअप हातात घेऊन दाबला तर सुरुवातीला पोकळ वाटू शकतो. त्याला उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबून-ओढून घ्यावं, मगच बसवावं.

बुशचं काम शॉकअपपेक्षा नाजूक आहे. अ‍ॅक्सल खाली उतरवून बुश प्रेसवर दाबून बसवावा लागतो. हातोड्याने ठोकून बसवलेल्या बुशचं कडं वेडंवाकडं होतं. फटीवाला बुश कोणत्या कोनात बसतो तेही ठरलेलं असतं. जुना काढण्याआधी अ‍ॅक्सलवर खूण करून घ्यायला सांगा. कोन चुकला तर नवाकोरा बुश लवकर फाटतो. आणि काम झाल्यावर गाडीखाली डिझेल किंवा जुनं ऑइल मारायला साफ नकार द्या. पाट्यांच्या गाड्यांची ती जुनी सवय आहे. खनिज तेलाने रबर फुगतं आणि मऊ पडतं.

सर्वांत जास्त चुका होतात त्या बोल्ट आवळताना. या बुशमध्ये रबर नळीला आणि कड्याला चिकटलेलं असतं, ते फिरत नाही, पिळलं जातं. गाडी लिफ्टवर असताना चाकं खाली लोंबत असतात. त्याच अवस्थेत बोल्ट पूर्ण आवळला, तर रबराची विश्रांतीची जागा लोंबत्या चाकांची ठरते. गाडी जमिनीवर आली की रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि प्रत्येक खड्ड्यात आणखी पिळत जातं. म्हणून लिफ्टवर बोल्ट नुसता धरवायचा, गाडी खाली घेऊन किंवा चाकांखाली आधार देऊन तिचं वजन चाकांवर आणायचं, दोन-चार वेळा कोपरे दाबून तिला तिच्या उंचीवर बसू द्यायचं, आणि मग कंपनीने सांगितलेल्या टॉर्कला, म्हणजे ठरवून दिलेल्या जोराने, आवळायचं. शॉकअपच्या खालच्या बुशलाही हाच नियम. मेस्त्री घाईत असतील तर हे आधीच, शांतपणे सांगून ठेवा आणि शेवटचा पाना फिरेपर्यंत तिथे उभे राहा.