योगोपचाराची पार्श्वभूमी: ज्याचं दुखणं त्याचं आसन

सोलापुरात यंत्रमागावर अख्खी पाळी उभं राहून काम करणाऱ्याच्या पोटऱ्या भरून येतात. शेजारच्या घरात मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या बाईची मान आखडते, कंबर धरते. या दोघांना एकच आसन सांगून भागत नाही. योग उपचार म्हणून कसा घडत गेला, ते पाहताना हे सारखं जाणवतं.

सोलापूरच्या सिद्धरामेश्वरांना आपण शिवयोगी म्हणतो. बाराव्या शतकातल्या त्या योगाचा रोख ईश्वराकडे होता, कंबरदुखीकडे नव्हता. पतंजलींनीही व्याधीला साधनेतला पहिला अडथळा म्हटलं, तेही साधनेच्याच काळजीपोटी. हठप्रदीपिका हा हठयोगावरचा ग्रंथ मात्र माणूस पाहून सांगतो. मेद आणि कफ ज्याला जास्त, त्यानेच आधी षट्कर्मं, म्हणजे शरीर शुद्ध करण्याच्या सहा क्रिया, करावीत, इतरांनी करू नयेत, असं तिथे स्पष्ट आहे. आजच्या कितीतरी वर्गांत एवढीही चौकशी होत नाही, याचं वाईट वाटतं.

विसाव्या शतकात योगोपचाराचं बरंचसं काम महाराष्ट्रात आकाराला आलं. श्री योगेंद्रांनी १९१८ मध्ये मुंबईजवळ वर्सोव्याला संस्था काढली. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम उभारलं आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केलं. उड्डियान (पोट आत खेचणं), नौली (पोटाचे स्नायू घुसळणं) करताना पोटात नेमकं काय होतं, हे त्यांनी क्ष-किरण आणि दाबमापक लावून तपासलं. नौलीत मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा खाली जातो, हे मोजून दाखवलं. श्रद्धेच्या गोष्टीला मोजपट्टी लावायला धैर्य लागतं. मला कुवलयानंद त्यासाठी फार मोठे वाटतात.

पुढे बी. के. एस. अय्यंगार. लहानपणी आजारांनी पिचलेला हा मुलगा १९३७ मध्ये पुण्याला योग शिकवायला आला. दोर, पट्टे, लाकडी ठोकळे, खुर्ची असा आधार देऊन त्यांनी ताठरलेल्या, थकलेल्या शरीरांनाही आसनात बसवलं. पुण्यातली त्यांची संस्था १९७५ ची.

२०१५ पासून २१ जूनला योगदिनी मैदानं भरतात, ते चांगलंच आहे. पण तो सगळ्यांसाठी आखलेला सराव. उपचाराची सुरुवात विचारपूस करून होते. मागावरच्या माणसाला पाय भिंतीला टेकवून उताणं पडायला सांगतात. विडीवालीला खुर्चीवर बसूनच खांदे, पाठ मोकळी करायला लावतात. काचबिंदू किंवा वाढलेला रक्तदाब असेल, तर शीर्षासन वर्ज्य, आणि डॉक्टरांच्या गोळ्या चालूच.