फेस्ट, डिबेट आणि परमिशनची जुनी भानगड

फेस्ट, डिबेट, फ्रेशर्स पार्टी, क्लबवाल्यांचे स्टॉल हे सगळं म्हणजे अभ्यास सोडून बाकीचे उद्योग असं आपण धरून चालतो, पण मागे जाऊन बघितलं तर आधी मुलं एकत्र जमली आणि त्यातूनच युनिव्हर्सिटी उभी राहिली.

इटलीतलं बोलोन्या घ्या. युनिव्हर्सिटीची सुरुवात परंपरेने 1088 धरतात. तिथे कायदा शिकायला येणारी बरीचशी पोरं परगावची, परदेशातली, शहरात त्यांना हक्क काहीच नाहीत, आणि कहर म्हणजे आपल्या मुलखातल्या कोणीतरी उधारी बुडवली की वसुली दुसऱ्याच बिचाऱ्याकडून व्हायची (हे पुढे सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाने फर्मान काढून बंद केलं). मग या पोरांनी मुलखाप्रमाणे गट केले, त्यांना 'नेशन' म्हणायचे. आजारी पडलेल्याला बघायचं, कोणी गेलाच तर अंत्यविधी करायचा, आपल्या संताचा सण एकत्र साजरा करायचा. म्हणजे आजचा कम्युनिटी इव्हेंटच की हो. 'युनिव्हर्सिटास' या लॅटिन शब्दाचा तेव्हाचा अर्थसुद्धा संघटना असाच होता, बिल्डिंगशी त्याचा संबंध नव्हता. तिथला रेक्टर, म्हणजे युनिव्हर्सिटीचा प्रमुख, मुलं निवडायची आणि लेक्चरला उशिरा येणाऱ्या मास्तरांना दंड बसायचा, हे वाचून मला तरी जाम बरं वाटलं 😄

आता सगळं गोडीगुलाबीने चालायचं असं अजिबात नाही. 1229 मध्ये पॅरिसला कार्निव्हलच्या दिवसांत दारूच्या बिलावरून गुत्त्यात भांडण झालं, पोरांनी मार खाल्ला, दुसऱ्या दिवशी सोटे घेऊन परत आली, मग शिपायांनी केलेल्या कारवाईत काही विद्यार्थी मेले, आणि मास्तरांनी सरळ शिकवणं बंद केलं ते जवळपास दोन वर्षं. शेवटी 1231 मध्ये पोपने फर्मान काढून त्यांचा संपाचा हक्क मान्य केला.

रॅगिंगही तेवढंच जुनं. नवीन पोराला 'पिवळ्या चोचीचा' म्हणून चिडवायचे आणि त्याच्याच पैशाने सीनियर जेवायचे, यावर बंदी आणावी लागली होती, आणि ती किती पाळली गेली असेल ते सांगायला नको.

डिबेटची गोष्ट तर आजच्या कोणत्याही कमिटीवाल्याला ओळखीची वाटेल. केंब्रिज युनियन, म्हणजे तिथल्या मुलांची डिबेट सोसायटी, 1815 मध्ये सुरू झाली, दोनच वर्षांत कुलगुरूंनी ती बंद पाडली, 1821 मध्ये परत चालू करू दिली पण अट अशी की ताज्या राजकारणावर बोलायचं नाही. म्हणजे बोला, पण विषय आम्ही ठरवणार. ऑक्सफर्डची 1823 ची. बायकांना मात्र केंब्रिज युनियनचं सदस्य व्हायला 1963 उजाडावं लागलं, फ्रीडमच्या गप्पा मारणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

बाकी कॅम्पस हा शब्द लॅटिनमधला, अर्थ मैदान, आणि युनिव्हर्सिटीच्या आवारासाठी तो 1770 च्या दशकात अमेरिकेत प्रिन्स्टनला रुळला. 1896 मध्ये पेनसिल्व्हेनिया युनिव्हर्सिटीत ह्यूस्टन हॉल झाला, म्हणजे मुलांच्या टाइमपास, मीटिंगा, खेळ यासाठी वेगळी बिल्डिंग, अमेरिकेतली ही पहिली मानतात. सोय झाली खरी, पण माझ्या मते इथूनच चाव्या ऑफिसकडे जायला लागल्या. हॉल आला की बुकिंग आलं, बुकिंग आलं की अर्ज आला, सही आली.

आणि ती सही किती महागात पडू शकते ते कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटीच्या बर्कले कॅम्पसला दिसलं. 1964 च्या सप्टेंबरमध्ये प्रशासनाने गेटजवळ राजकीय प्रचाराची टेबलं लावायला बंदी केली. टेबलं! 1 ऑक्टोबरला टेबलावर बसलेल्या एकाला पोलिसांनी गाडीत घातलं तर मुलं त्या गाडीभोवतीच बसली, साधारण 32 तास गाडी हलू दिली नाही, आणि जो तो तिच्याच टपावर चढून भाषण ठोकत होता.