सैनिकासाठी शिवलेली गोधडी: अमेरिकेतल्या एका प्रथेची पार्श्वभूमी

लाल, पांढऱ्या आणि निळ्या तुकड्यांची गोधडी शिवायची आणि युद्धावरून परतलेल्या सैनिकाच्या खांद्यांवर ती समारंभाने पांघरायची, ही प्रथा आज अमेरिकेत सर्वदूर पोहोचली आहे. ‘क्विल्ट्स ऑफ व्हॅलर’ या संस्थेने २००३ पासून अशा ३ लाखांहून अधिक गोधड्या दिल्या आहेत. सैनिकासाठी गोधडी शिवण्याचा रिवाज मात्र तिथे उत्तर आणि दक्षिणेतल्या राज्यांमधल्या यादवी युद्धापासूनचा आहे.

१८६१ मध्ये ते युद्ध पेटलं तेव्हा उत्तरेच्या फौजेकडे माणसं भराभर जमली, पांघरुणं मात्र पुरेना. त्याच वर्षी जूनमध्ये स्थापन झालेल्या ‘युनायटेड स्टेट्स सॅनिटरी कमिशन’ने जखमींची शुश्रूषा आणि मदतसामग्री यांची जबाबदारी घेतली, आणि गावोगावच्या बायका कामाला लागल्या. इस्पितळातल्या अरुंद खाटांना बेतेल अशी लांबट, कमी रुंदीची गोधडी त्यांनी शिवायला घेतली. घरातल्या पलंगावरची मोठी गोधडी कापून तिच्या दोन करणाऱ्याही होत्या. चार वर्षांत सुमारे अडीच लाख गोधड्या आणि रजया पाठवल्या गेल्या, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यांतल्या अगदी मोजक्या आज शिल्लक आहेत. बाकीच्या वापरून विरल्या, काही मृत सैनिकांबरोबर जमिनीत गेल्या.

देशभक्तीचे रंगही तेव्हापासूनचे. ‘पीटरसन्स मॅगझिन’ने जुलै १८६१ मध्ये झेंड्यातल्या ताऱ्यांचा आणि पट्ट्यांचा नमुना छापला होता. त्यात ३४ तारे होते, तेव्हाच्या राज्यांइतके. दक्षिणेतली राज्यं फुटून निघालेली असताना सगळे ३४ तारे शिवणं ही ठाम भूमिका होती.

या इतिहासात मला सर्वांत मोलाची वाटते ती १८६३ ची एक गोधडी. मेन राज्यातल्या ऑगस्टा गावी सुझाना पुलन या बाईंनी आपल्या रविवारच्या शाळेतल्या मुलींना घेऊन ती शिवली. तिच्या तुकड्यांवर शाईने मजकूर लिहिलेला आहे: बायबलमधली वचनं, आरोग्याच्या सूचना, धीराचे शब्द. शिवाय सैनिकांना थेट विनंती आहे की, आम्हाला पत्र लिहा, उत्तर नक्की मिळेल. दुसरं काही नाही तरी ही गोधडी कुठे पोहोचली एवढं कळवा. सैनिकांनी खरोखरच पत्रं लिहिली. युद्ध संपल्यावर गोधडी पुलनबाईंकडे परत आली. आता ती वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. ऊब तर कुठल्याही कांबळ्याने मिळाली असती; या मुलींना सैनिकाचं म्हणणं ऐकायचं होतं. आजच्या प्रथेचा गाभा मला इथेच दिसतो.

पहिल्या महायुद्धात गोधडीचं काम बदलले. लोकरीची कांबळी फौजेसाठी लागत असल्याने घरी गोधड्या वापरा, असं आवाहन झालं. रेड क्रॉससाठी सह्यांच्या गोधड्या निघाल्या: थोडे पैसे द्यायचे आणि आपलं नाव कापडावर भरतकामात उमटवून घ्यायचं. डिसेंबर १९१७ मध्ये ‘मॉडर्न प्रिसिला’ मासिकाने एका गोधडीतून १,००० डॉलर कसे उभे करता येतील, याचा नमुनाच दिला.

व्हिएतनामहून परतलेल्यांच्या वाट्याला यातलं फारसं काही आलं नाही. देश त्या युद्धावरून दुभंगलेला होता आणि त्याचा राग कित्येकदा परतणाऱ्या तरुणांनाच सोसावा लागला. अनेकांनी गणवेश पेटीत ठेवला आणि त्या वर्षांबद्दल घरातही बोलणं टाळलं.

२००३ मध्ये डेलावेअर राज्यातल्या सीफर्डच्या कॅथरीन रॉबर्ट्स यांचा मुलगा इराकमध्ये होता. लष्करी वाहनावर तो तोफची होता. आईचा जीव टांगणीला लागलेला. अशात त्यांना स्वप्न पडलं: मध्यरात्री एक तरुण पलंगाच्या कडेला खचून बसला आहे, आणि पुढच्या क्षणी तोच गोधडीत लपेटलेला, सावरलेला. त्यातूनच ‘क्विल्ट्स ऑफ व्हॅलर’ सुरू झाली. पहिली गोधडी त्याच नोव्हेंबरात वॉशिंग्टनच्या वॉल्टर रीड लष्करी इस्पितळात दिली गेली, इराकमध्ये पाय गमावलेल्या मिनेसोटाच्या एका तरुण सैनिकाला.

कामाची पद्धत सुरुवातीपासून वाटून घेण्याची. एकीने तुकडे जोडून वरचा थर करायचा. लांब हाताचं, म्हणजे अख्खी गोधडी मावेल असं शिवणयंत्र असलेल्या दुसरीने मधला भराव आणि अस्तर घालून तिन्ही थर एकत्र शिवायचे. कापड आणि श्रम स्वतःचेच. माप ५५ × ६५ इंचांपेक्षा लहान नको, ७२ × ९० पेक्षा मोठं नको. मागच्या बाजूला लेबल हवंच: कोणाला दिली, कोणी शिवली. यादवी युद्धातल्या लाखो शिवणाऱ्यांपैकी किती थोड्यांची नावं आपल्याला ठाऊक आहेत, हे पाहिलं की या लेबलाचं महत्त्व कळतं.

सुरुवातीला इराक-अफगाणिस्तानच्या जखमींसाठी असलेली ही गोधडी पुढे सर्व युद्धांतल्या सैनिकांना मिळू लागली. आज ती घेणाऱ्यांत व्हिएतनामचे, आता सत्तरी-पंचाहत्तरी ओलांडलेले लोक मोठ्या संख्येने असतात. समारंभात त्यांची तुकडी, वर्षं, ठिकाणं मोठ्याने वाचली जातात. समोर बसलेल्या मुला-नातवंडांतले कित्येक जण ती पहिल्यांदाच ऐकत असतात.